निम्मी बेअरिंगं अजून फिरतायत, तर आयुर्मान सांगायचं कसं?

पाणाडी_पंपवाला

मंडळी, संख्याशास्त्र जाणणाऱ्यांची मदत हवी आहे.

आमच्याकडे (शेतीचे पंप बनवणारा छोटा कारखाना, याहून जास्त सांगत नाही) वॉरंटी बारा महिन्यांवरून अठरा महिने करायचं घाटतंय. साहेबांचं फर्मान आहे: पंप सरासरी किती टिकतो ते एका आकड्यात सांग. कारखान्याच्या नोंदी इथे टाकता येणार नाहीत, म्हणून तोच प्रश्न जाहीर आकड्यांवर सोडवून बघितला आणि तिथेच अडकलो.

आकडे प्रसिद्ध आहेत. १९५६ साली लिबलाइन आणि झेलेन या दोघांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधून बॉल बेअरिंगांच्या आयुष्यावर निबंध लिहिला. त्यातली ही २३ बेअरिंगं पुढे पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. मोडेपर्यंत किती दशलक्ष फेरे झाले ते असं:

१७.८८, २८.९२, ३३.००, ४१.५२, ४२.१२, ४५.६०, ४८.४८, ५१.८४, ५१.९६, ५४.१२, ५५.५६, ६७.८०, ६८.६४, ६८.६४, ६८.८८, ८४.१२, ९३.१२, ९८.६४, १०५.१२, १०५.८४, १२७.९२, १२८.०४, १७३.४०

सगळे २३ घेऊन वायबुल वितरण (वस्तू कधी मोडतील ते सांगणारं सूत्र, शेप आणि स्केल हे त्याचे दोन आकडे) बसवलं तर शेप २.१० आणि स्केल ८१.९ येतो. नुसती सरासरी ७२.२. एल-टेन, म्हणजे दहा टक्के बेअरिंगं मोडेपर्यंतचं आयुष्य, २८.

आता समजा ६० दशलक्ष फेऱ्यांना वीजबिल बघून कुणीतरी टेस्ट बंद पाडली. ११ मोडलेली, १२ अजून फिरतायत. आमच्या वॉरंटी रजिस्टरची परिस्थिती नेमकी हीच. यावरून तीन प्रकारे हिशेब केला.

फक्त मोडलेल्यांची सरासरी काढली: ४२.८. फिरणारी १२ पण ६० ला मोडली असं धरलं: ५१.८. हे दोन्ही चूक आहेत हे मलाही कळतं. मग व्यवस्थित, सेन्सॉर्ड डेटा (म्हणजे ज्यांचा शेवट अजून दिसलेला नाही अशा नोंदी) धरून मॅक्झिमम लाइकलीहूड लावलं: शेप ३.१, स्केल ६८.७, सरासरी साधारण ६१, एल-टेन ३३.

याच मॉडेलला विचारलं की १०० दशलक्षच्या पुढे किती जातील. म्हणालं ४ टक्के, म्हणजे तेविसात फार तर एक. प्रत्यक्षात पाच गेली होती!

पद्धत पुस्तकातली, गणित दोनदा तपासलेलं. मग एवढं का चुकलं? आणि साहेबांना आकडा कोणता देऊ?

---

शेष_शून्य

छान मांडलंत. आधी पद्धतीबद्दल, कारण इथे बरेच वाचक नवे असतील.

मोडलेलं बेअरिंग सांगतं, "मी अमुक फेऱ्याला मोडलो." फिरणारं सांगतं, "मी ६० पर्यंत तरी मोडलो नाही." दोन्ही साक्षी आहेत. पहिल्यासाठी लाइकलीहूडमध्ये (म्हणजे असाच डेटा दिसण्याच्या शक्यतेत) त्या क्षणी मोडण्याच्या शक्यतेची घनता येते, दुसऱ्यासाठी ६० च्या पुढे टिकण्याची शक्यता. सगळ्यांचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा होतो ते शेप आणि स्केल आपण उचलतो. तुम्ही हेच केलंत आणि बरोबर केलंत.

पण तुम्ही उचललात तो एका पट्ट्यातला एकच बिंदू. अकराच मोडल्यामुळे शेपची प्रमाण त्रुटी (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचं माप) साधारण ०.८४ येते. लॉग घेऊन ९५ टक्क्यांचा पट्टा काढा: जवळजवळ १.८ ते ५.३. पूर्ण डेटाचा २.१ त्या पट्ट्यात आरामात बसलाय. म्हणजे पद्धतीने तुम्हाला फसवलं नाही, ती कुजबुजत होती की मला नक्की माहीत नाही. ते ऐकू येण्याआधी ३.१ हा आकडा पुढच्या सूत्रात गेला.

दुसरं, नमुने कमी असले की मॅक्झिमम लाइकलीहूडचा शेप सरासरीने फुगलेलाच निघतो. थोमन, बेन आणि अँटल यांनी १९६९ मध्ये याची कोष्टकं दिली. १० नमुने, सगळे मोडलेले, तरी आलेल्या शेपला ०.८५९ ने गुणायचं. ५ असतील तर ०.६६९ ने. सेन्सॉरिंग असेल तर प्रश्न आणखी चिघळतो. शेप फुगला की मॉडेलला वाटतं सगळी एकदमच मोडणार, आणि उजवीकडचं शेपूट कापलं जातं. तुमची पाच बेअरिंगं तिथे हरवली.

---

गवतातला_टोळ

साहेबांना सांगा: पंप वॉरंटी संपेपर्यंत टिकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जातो. एका आकड्यात हवं होतं ना?

---

कुंदा_कोथरूड

शेप म्हणजे काय ते कुणी दोन ओळींत सांगेल का? धागा वाचायचा आहे, पण तिथेच गाडी अडली.

---

शेष_शून्य

@कुंदा_कोथरूड, शेप १ पेक्षा कमी असेल तर वस्तू सुरुवातीलाच जास्त मोडतात, जोडणीतल्या चुका वगैरे. नेमका १ असेल तर वयाचा संबंध नाही. जुनी आणि नवी वस्तू उद्या मोडण्याची शक्यता सारखीच. १ पेक्षा जास्त म्हणजे झीज, वय वाढेल तसा धोका वाढतो. स्केल म्हणजे ज्या आयुष्यापर्यंत साधारण ६३ टक्के वस्तू मोडलेल्या असतात ते आयुष्य.

---

छन्नी_हातोडा

उभा जन्म मेंटेनन्समध्ये गेलाय, म्हणून लिहितो. शेप अकरा बेअरिंगांकडून कशाला विचारताय? तो धातूला विचारा.

बेअरिंग थकून मोडतं, पृष्ठभागाखाली चीर सुरू होते आणि पापुद्रा निघतो. या थकव्यावर लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी १९४७ मध्ये जो सिद्धांत मांडला त्यात बॉल बेअरिंगांसाठी शेप १०/९ धरलाय, म्हणजे १.११. पुढे मानकांत ९५ टक्के विश्वासार्हतेसाठी एल-टेन आयुष्याला ०.६२ ने गुणायचं जे कोष्टक होतं, ते शेप १.५ धरून येतं. करून बघा: ०.०५१३ भागिले ०.१०५४ (०.९५ आणि ०.९० चे लॉग, उणे चिन्ह सोडून), त्याचा दोन-तृतीयांश घात.

तेव्हा शेप १.५ वर खिळा ठोकून ठेवा आणि डेटातून फक्त स्केल काढा. प्रत्येकाचं चाललेलं आयुष्य घ्या (मोडलेलं असो वा फिरतं), त्याचा १.५ वा घात करा, बेरीज करा, मोडलेल्यांच्या संख्येने भागा, उलटा (१/१.५ वा) घात घ्या. याला वायबेज पद्धत म्हणतात. विमानांच्या इंजिनांवर काम करणाऱ्यांनी रुळवली, कारण त्यांना चार-दोन बिघाडांवर निर्णय घ्यावे लागत.

---

पाणाडी_पंपवाला

काका, लगेच करून बघितलं. शेप १.५ वर स्केल ८५.८ आला, एल-टेन १९, आणि १०० च्या पुढे २८ टक्के. आधी ४ टक्के होते, आता २८! प्रत्यक्षात २३ पैकी ५ म्हणजे २२ टक्के. जवळ आलं खरं, पण एल-टेन ३३ वरून थेट १९ वर? साहेब मला खिडकीतून बाहेर टाकतील.

---

शेष_शून्य

मधला २.१ पण ठेवून बघा. (हा पूर्ण डेटातून आलाय, त्यामुळे इथे वापरणं म्हणजे उत्तरपत्रिका बघून पेपर लिहिणं, फक्त तुलनेसाठी.) स्केल ७५.६, एल-टेन २६, १०० च्या पुढे १७ टक्के.

आता तिन्ही ओळी एकाखाली एक वाचा. शेप १.५, २.१, ३.१. स्केल ८६, ७६, ६९: फार हलला नाही. एल-टेन १९, २६, ३३: बराच हलला. १०० च्या पुढचे २८, १७, ४ टक्के: पार कोसळला. डेटा ६० ला संपला आणि निम्मी बेअरिंगं तिथवर मोडली होती, म्हणून मध्याच्या आसपास शेप काहीही धरला तरी उत्तरं जुळतात. दोन्ही टोकांना शेपच राज्य करतो. आणि वॉरंटीचा पैसा डाव्या टोकाला जातो, सरासरीत नाही. साहेबांनी विचारलेला आकडा त्यांच्या कामाचाच नाही.

काकांच्या खिळ्याबद्दल मात्र थोडी तक्रार आहे. लाइकलीहूड रेशो (दोन शेपांपैकी डेटा कुणाला किती जास्त पाठिंबा देतो त्याचं गुणोत्तर) काढला तर अकरा बिघाड असूनही डेटा १.५ ला ९५ टक्के पातळीवर नाकारतो, २.१ ला नाकारत नाही. १.५ हा पुष्कळ प्रकारच्या बेअरिंगांसाठी मिळून धरलेला आणि मुद्दाम सावध आकडा आहे. एका लॉटमधली बेअरिंगं एकमेकांसारखी असतात, तिथे शेप वर जाऊ शकतो. म्हणून मी खिळा न ठोकता दोरी बांधेन: शेपवर बेजियन पूर्वकल्पना (डेटा बघण्याआधीचा अंदाज, जो डेटा नंतर सुधारतो), मध्य १.५ ते २ च्या आसपास, पण पसरट. मग डेटा ओढेल तेवढा ओढू दे. उत्तर पट्ट्याच्या रूपातच येतं, ते वेगळं.

---

छन्नी_हातोडा

दोरी चालेल. पण पूर्वकल्पना कुठून आणली ते अहवालात लिहा. मी असे अहवाल पाहिलेत ज्यांत "अनुभवावरून" एवढंच असतं, आणि तो अनुभव कुणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही.

---

नवी_भरती

मी व्हेंडर क्वालिटीत नवीन आहे. एका पुरवठादाराने नवीन मेकॅनिकल सीलची टेस्ट दिली आहे. सोपे आकडे घेऊन सांगते: २० सील, प्रत्येक १५०० तास चालवला, एकही गळला नाही. ते म्हणतात, एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) ९५ टक्के खात्रीने १०,००० तासांच्या वर. शून्य बिघाडांवरून असं सांगता येतं?

---

शेष_शून्य

सांगता येतं, एका अटीवर. एकूण चाललेले तास ३०,०००. शून्य बिघाड आणि ९५ टक्के खात्री असेल तर त्याला २.९९६ ने भागायचं, म्हणजे ०.०५ च्या नैसर्गिक लॉगने, उणे चिन्ह सोडून. येतात १०,०१३. आकडेमोड चोख आहे.

अट ही की शेप १ असला पाहिजे, म्हणजे सील झिजतच नाही. आता शेप २ धरा. १५०० चा वर्ग गुणिले २०, भागिले २.९९६, वर्गमूळ: स्केलची खालची मर्यादा सुमारे ३,८८०. सरासरी आयुष्य त्याच्या ०.८८६ पट, म्हणजे ३,४०० च्या आसपास.

तीच टेस्ट, तेच २० सील. एका गृहीतकाने दहा हजार, दुसऱ्याने साडेतीन हजारांपेक्षा कमी. १५०० तासांपलीकडे कुणी पाहिलेलंच नाही, त्यामुळे पलीकडचं सगळं गृहीतकातून येतंय. पुरवठादाराला एकच विचारा: शेप १ कशावरून?

---

नवी_भरती

विचारलं. "इंडस्ट्री प्रॅक्टिस" असं उत्तर आलंय. :)

---

विमेकरी_वसईचा

आमच्या धंद्यातला एक मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून लिहितो. तुम्ही सगळे शेवट दिसत नाही म्हणून हैराण आहात. सुरुवात दिसत नसेल तर?

२००९ मध्ये हाँग, मीकर आणि मॅकॅली यांचा एका अमेरिकन वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरांवर निबंध आला होता. कंपनीच्या नोंदी १९८० पासूनच्या. त्याआधी बसवलेले ट्रान्सफॉर्मर यादीत होते, पण जे १९८० च्या आधी बसले आणि आधीच जळाले त्यांचा कुठे मागमूस नाही. यादीतला जुना ट्रान्सफॉर्मर म्हणजे निवडून उरलेला. त्याला जन्मापासून पाहत आलो असं धरलं तर आयुर्मान फुगतं. याला डावं ट्रंकेशन म्हणतात. उपाय सोपा: त्याची शक्यता "नजरेत आला त्या वयापर्यंत जगलाच आहे" या अटीखाली मोजायची. विम्यात चाळिशीत पॉलिसी घेणाऱ्याला आम्ही जन्मापासून मोजत नाही, तसंच.

पाणाडीबुवा, तुमचं सर्व्हिस रजिस्टर कधीपासूनचं? त्याआधी विकलेले पंप त्यात दुरुस्तीला आले की शिरतात का?

---

पाणाडी_पंपवाला

नेमकं दुखणं पकडलंत. शिरतात. जुना पंप दुरुस्तीला आला की त्याची पहिल्यांदा नोंद होते. म्हणजे मोडल्याशिवाय तो यादीत येतच नाही. त्याच्यासोबत विकलेले आणि चालू असलेले कुठे आहेत याचा पत्ता नाही.

---

विमेकरी_वसईचा

मग हे माझ्या उदाहरणाच्या उलट झालं, आणि जास्त वाईट. तिथे मेलेले गायब होते, तुमच्याकडे जिवंत गायब आहेत. असे पंप विश्लेषणातून सरळ बाहेर काढा, किंवा त्या वर्षी एकूण किती विकले तो आकडा विक्री खात्याकडून मिळवून उरलेले "अजून चालू" म्हणून धरा. दुसरा मार्ग बरा, जर वॉरंटीत असताना बिघडलेला प्रत्येक पंप तुमच्याकडेच येत असेल तर. वॉरंटी संपल्यावर लोक गावातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे जातात, त्यामुळे सेन्सॉरिंगची तारीख वॉरंटी संपायच्या दिवसावर ठेवा, आजवर नाही.

---

माळरान

शेतकरी या नात्याने दोन शब्द. तुम्ही महिने मोजताय, पण पंप महिन्यांनी झिजत नाही. पावसाळ्यात आमचा पंप बंदच असतो. विहिरीला पाणी असेल त्या वर्षी रब्बीत वीज असेल तेवढा वेळ चालतो, नसेल त्या वर्षी जानेवारीतच वर काढून ठेवतो. आणि कधी बिघडला विचाराल तर मी सांगणार, "दिवाळीच्या आसपास." तारीख कोण लिहितो?

---

शेष_शून्य

@माळरान, "दिवाळीच्या आसपास" हासुद्धा चांगला डेटा आहे, फक्त त्याची १ नोव्हेंबर करून टाकू नये. वसुबारसेच्या आधी चालू होता आणि तुळशीच्या लग्नाला बंद होता, एवढं नक्की असेल तर त्या दोन दिवसांमध्ये बिघडण्याची शक्यता लाइकलीहूडमध्ये घालायची: दुसऱ्या टोकापर्यंत मोडण्याची शक्यता वजा पहिल्या टोकापर्यंतची. मध्यांतर सेन्सॉरिंग. वितरण न धरता हे कसं करायचं ते टर्नबुल यांनी १९७६ मध्ये दाखवलंय. दोन-तीन आठवड्यांच्या पट्ट्याने अठरा महिन्यांच्या हिशेबात फार बिघडत नाही.

तासांचं दुखणं मात्र मोठं आहे. दोन शेतकऱ्यांच्या वापरात चौपट फरक असेल आणि तुम्ही महिने मोजत असाल, तर महिन्यांत काढलेला शेप धातूचा राहत नाही. त्यात वापराचा पसारा मिसळतो आणि तो खाली येतो. मग काकांचा १.५ तिथे लावता येणार नाही.

---

भाताचं_तूस

अवांतर: वायबुल स्वतः स्वीडिश. त्यांच्या १९५१ च्या निबंधात हे वितरण कशाकशाला लागू पडतं त्याची उदाहरणं आहेत: बोफोर्सचं पोलाद, राखेच्या कणांचा आकार, ब्रिटिश बेटांतल्या पुरुषांची उंची, घेवड्याच्या बियांची रुंदी आणि चक्क भारतीय कापसाच्या तंतूंची ताकद. आयुर्मानाचं उदाहरण त्यात एकच, पोलादाच्या थकव्याचं. उंचीला आणि घेवड्याला लागू पडणारं सूत्र पंपाला लागू पडलं तर त्यात पंपाबद्दल काय कळलं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

---

छन्नी_हातोडा

@भाताचं_तूस, चांगला प्रश्न, म्हणूनच मोडलेला भाग हातात घेऊन बघायचा असतो.

---

कात्रणवही

उशिरा आलो, पण मूळ धाग्याच्या पायाखालची सतरंजी ओढतो, माफ करा. त्या २३ बेअरिंगांबद्दल.

२००२ मध्ये क्रिसिस कॅरोनी यांनी एक छोटा निबंध लिहिला. त्यांनी मूळ १९५६ चा लेख काढून बघितला, तर पुढे सगळीकडे छापले गेलेले हे आकडे चुकीचे उद्धृत झालेले निघाले. मूळ चाचणीत सेन्सॉर्ड बेअरिंगं होती आणि थकव्याशिवाय दुसऱ्याच कारणाने गेलेलीही होती. पुस्तकातून पुस्तकात उतरताना तो तपशील गळला आणि "२३ पूर्ण आयुष्यं" उरली. नीट हाताळलं तर बिघाडाच्या वेगवेगळ्या प्रकारांची वायबुल वितरणं मिसळूनही त्याचं वर्णन करता येतं, असं त्या म्हणतात.

म्हणजे तुम्ही ज्याला "प्रत्यक्षात" म्हणत होता तो २.१० सुद्धा खरा आकडा नाही.

---

गवतातला_टोळ

सेन्सॉर्ड डेटाच सेन्सॉर झाला!

---

शेष_शून्य

ही माहिती या धाग्यावरची सर्वांत मोलाची. ६० ला तोडून केलेली तुलना गणित म्हणून टिकते, कारण दोन्ही बाजूंना तेच आकडे होते. पण "बॉल बेअरिंगांचा शेप २.१" असं कुणी इथून उचलून नेऊ नये.

पाणाडी, तुमच्यासाठी यातलं कामाचं: बिघाडाचं कारण. पंप सील गळून बंद पडला तर त्या दिवशी बेअरिंग चालू होतं. बेअरिंगच्या हिशेबात तो पंप "फिरतोय" या यादीत जातो, आणि सीलच्या हिशेबात "मोडला" या यादीत. दोन्हींचा एकच शेप काढलात तर तो कुठल्याच भागाचा नसतो.

---

पाणाडी_पंपवाला

सगळ्यांचे आभार. आज साहेबांशी बोललो. सरासरी मागितलीत ती देणार नाही, त्याऐवजी अठरा महिन्यांत शंभरापैकी किती पंप परत येतील ते देतो, म्हटलं. तेही कमीत कमी आणि जास्तीत जास्त असं. चिडले नाहीत. जास्तीत जास्त आकड्यावर खर्च किती एवढंच विचारलं, आणि तोच त्यांना हवा होता असं दिसलं.

सध्या असं ठरलंय. फक्त आमच्या विक्री यादीत जन्मापासून असलेले पंप घ्यायचे. न आलेले पंप बाराव्या महिन्याला सेन्सॉर. सील, बेअरिंग आणि वाइंडिंग वेगवेगळे. प्रत्येकाचा शेप तीन ठिकाणी ठेवून पट्टा काढायचा. बारा ते अठरा महिन्यांचा तुकडा आमच्या डेटाच्या बाहेर आहे, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहायचं.

सर्व्हिसवाल्यांच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवतोय: "शेवटचा चालू कधी पाहिला" आणि "दिवसाला साधारण किती तास". तासांचा रकाना कुणी भरेल का ते मात्र बघायचं.

---

माळरान

तास विचारू नका, किती एकर आणि कुठलं पीक ते विचारा. ते लगेच सांगतात. ऊस आहे की हरभरा यावरून तास तुम्हीच काढा.

---

छन्नी_हातोडा

आणि तिसरा रकाना: मोडलेलं बेअरिंग जपून ठेवलं का, हो किंवा नाही. भंगारात गेलं की मग लोक "बेअरिंग खराब" एवढंच लिहितात, आणि पापुद्रा निघाला होता की सील गळून पाणी शिरलं होतं ते कुणालाच सांगता येत नाही.